तिकिटावर दहाची वेळ आहे, मन लागेल का?

पत्र थोडक्यात असं. भुसावळच्या एक ताई, वय 61. चित्रकला शिक्षिका म्हणून 31 वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्या. यजमान रेल्वेत गार्ड होते, तेही निवृत्त, गुडघे दुखतात. मुलगा नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला नोकरीला आहे. मे महिन्यात त्याने दोघांना बोलावलंय आणि अकरा दिवसांचा तक्ता पाठवलाय. त्यात आठ संग्रहालयं आणि प्रत्येकापुढे आत शिरायची वेळ. पॅरिसला तर एकाच दिवशी सकाळी दहाला लूव्र आणि दुपारी अडीचला ओर्से. तिकिटं अजून काढलेली नाहीत. ताई लिहितात, ‘आयुष्यभर ही चित्रं मुलांना पुस्तकातून दाखवली. आता खरी बघायची तर अशी, गाडी पकडल्यासारखी? चित्रासमोर मन कधी लागेल हे आधी कसं सांगणार? यांना चित्रांत रस नाही, ते बाकावर बसून कंटाळतील. एक वेळ चुकली तर मुलाचे पैसे बुडाले. आणि सगळं नाही बघितलं तर परत जाणं थोडंच होणार आहे? मुलाला सांगून रद्द करावं, की मुकाट्याने तो म्हणेल तसं करावं?’

ताई,

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की शाळेत चित्रकलेची तासिका पस्तीस मिनिटांची असायची आणि त्यातली पाच मिनिटं वह्या-रंग काढण्यातच जायची. मी तिथेच थांबले. एकतीस वर्षं तुम्ही घंटेवर चित्रकला शिकवलीत. घंटा झाली की चित्र सुरू, घंटा झाली की ब्रश धुवायला पळ. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसलेल्या मुलांना तुम्हीच सांगितलं असेल, ‘आधी कागदाचा अंदाज घ्या, वेळ पुरतो.’ आणि त्या अर्ध्या तासात कधीतरी एखाद्या पोराचा हात असा चालला असेल की तुम्ही टेबलापाशी उभ्याच राहिला असाल. मन घड्याळ बघून लागत नाही हे खरंच आहे. पण घड्याळ समोर असतानाही ते लागतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलंय.

आता तिकिटावरच्या त्या वेळेचा अर्थ नीट समजून घेऊ, कारण निम्मी भीती तिथेच आहे. लूव्र, ओर्से, ॲमस्टरडॅमचं व्हॅन गॉग म्युझियम, राइक्सम्युझियम या सगळ्या ठिकाणी तिकिटावर जी वेळ असते ती आत शिरायची. बाहेर कधी पडायचं ते तुम्ही ठरवायचं. दहाला आत गेलात आणि एकाच दालनात बाराला बसलेल्या असलात तरी कोणी उठवणार नाही. मुलाच्या तक्त्यात दहा आणि अडीच असे दोन आकडे शेजारी शेजारी बसलेत म्हणून तुम्हाला ते दहा ते अडीच वाटतंय. ती घाई संग्रहालयाची नाही, तक्त्याची आहे.

आत किती वेळ राहायचं हेही बांधून दिलेलं असतं अशा जागा थोड्या आहेत. इटलीला जाणाऱ्या वाचकांसाठी दोन सांगते. रोमच्या बोर्गेझे गॅलरीत दोन तासांची पाळी असते. आणि मिलानला लिओनार्दोचं ‘द लास्ट सपर’ बघायला पंधरा मिनिटं मिळतात, थोड्या थोड्या लोकांचा गट करून, आधी हवा गाळणाऱ्या दारांतून नेऊन. ते चित्र भिंतीवर आहे, पण ओल्या गिलाव्यावर नाही, कोरड्या भिंतीवर काढलंय. त्यामुळे लिओनार्दोच्या हयातीतच त्याचे पापुद्रे सुटायला लागले होते. माणसांच्या श्वासातली वाफ, अंगाची ऊब, कपड्यांवरची धूळ, हे सगळं त्याला बाधतं.

हे वाचून तुम्हाला अजिंठा आठवला असेल. तिथेही रंग कोरड्या गिलाव्यावरच बसवलेत. म्हणून तर आत उजेड मंद असतो, फ्लॅश मारू देत नाहीत आणि गर्दीच्या दिवशी एक नंबरच्या लेण्याबाहेर थांबवून थोडी थोडी माणसं आत सोडतात. आपण तिथे कुरकुर न करता चपला काढून उभे राहतो. लूव्रमध्ये दिवसाला तीस हजारांवर माणसं घ्यायची नाहीत असं ठरवलंय. तरीही 2025च्या जूनमध्ये गर्दीला वैतागून तिथल्या कर्मचाऱ्यांनीच काम थांबवलं आणि लोक दाराशी असलेल्या काचेच्या पिरॅमिडबाहेर तासन्‌तास उभे राहिले. गर्दी आवरली नाही तर काय होतं ते त्यावरून कळतं.

मी स्वतः हा धडा दारात उभं राहून शिकले. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या संग्रहालयासमोर आम्ही चौघं गेलो. गेल्यावर खिडकीवर तिकीट मिळेल, आपल्याकडे मिळतं तसं, एवढाच विचार. खिडकी नव्हतीच. दारावरच्या मुलीने शांतपणे सांगितलं की आजचीच काय, या आठवड्याचीही तिकिटं संपलीत. काचेतून आतला जिना दिसत होता. आतल्या एका चित्रासाठी मी दोन वर्षं पैसे साठवले होते, ताई. म्हणून मुलाने वेळा घालून तक्ता पाठवला ह्याबद्दल त्याच्यावर रागावू नका. त्याने केलेलं बरोबर आहे, फक्त जास्त केलंय.

आणि ते जास्त का झालं याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे: ‘परत जाणं थोडंच होणार आहे?’ तुम्हाला वाटतं, शेवटची संधी म्हणजे सगळं बघायला हवं. मला उलटं वाटतं. परत जायचं नसेल तर जे बघाल ते घरी आणता आलं पाहिजे, आणि आठ संग्रहालयं कोणालाच घरी आणता येत नाहीत. एका दिवसात सगळं वावर निंदायला निघालं की तणही राहतं आणि पीकही तुडवलं जातं. तुमच्याच गावात रॉबर्ट गिलची कबर आहे. हा इंग्रज 1844 मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमला गेला आणि पुढची कितीतरी वर्षं त्या दगडांपाशीच राहिला. त्याच्या बहुतेक नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. तरी तो परत कॅमेरा घेऊन लेण्यांत जातच राहिला, आणि 1879 मध्ये वारला तेव्हा भुसावळला पुरला गेला. एका जागेची चित्रं बघायला त्याला उभा जन्म लागला. तुम्हाला अकरा दिवस मिळालेत, त्यात चार संग्रहालयं खूप झाली.

कोणती चार, ते मी माझ्या मताने सांगते, बदल तुम्ही करा.

पहिले दोन दिवस कुठलंही तिकीट नको. मे महिन्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, झोप विस्कटते, पाय सुजतात. तिसऱ्या दिवशी न्यूनेनला जा. आइंडहोवनला लागूनच हे गाव आहे. व्हॅन गॉग 1883 ते 1885 इथे राहिला. वडील तिथे पाद्री होते. त्यांचं घर, त्याने रंगवलेलं छोटं चर्च, हे सगळं रस्त्यावरून चालता चालता दिसतं आणि त्यासाठी वेळ घ्यावी लागत नाही. ‘बटाटे खाणारे’ हे चित्र त्याने इथेच 1885 मध्ये केलं. कंदिलाखाली पाच जण, मधे बटाट्यांचं ताट, हाडं वर आलेले हात. भाऊ थिओला त्याने लिहिलं होतं की ताटात जाणारे हे हात त्याच हातांनी जमीन खणतात, हे त्याला दाखवायचंय. आणि रंग कसा हवा, तर न सोललेल्या, माती लागलेल्या बटाट्यासारखा. आपल्याकडे थंडीत शेतात भरिताची पंगत बसते तेव्हा कंदिलाच्या उजेडात भाकरी मोडणारे हात आठवा. तुम्हाला हे चित्र कोणी समजावून सांगायची गरज पडणार नाही.

गाव आधी बघून मग ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये तेच चित्र बघा. आइंडहोवनहून गाडीने साधारण सव्वा-दीड तास लागतो, म्हणून वेळ सकाळी अकरानंतरची घ्या. इथलं तिकीट फक्त ऑनलाइन मिळतं आणि लवकर संपतं, तेव्हा सगळ्यात आधी हेच काढायला सांगा. तिथे तीनच चित्रं ठरवून जा. एक ‘बटाटे खाणारे’, दुसरी सूर्यफुलं, आणि तिसरं बदामाच्या फुलोऱ्याचं, निळ्या आभाळावर पांढऱ्या फांद्या. ते त्याने 1890 मध्ये थिओला मुलगा झाला तेव्हा त्या बाळासाठी काढलं. बाकीची जाता-येता दिसतीलच.

राइक्सम्युझियम त्याच चौकात आहे, पण त्याच दिवशी नको. वेगळा दिवस निघत नसेल तर सोडून द्या, मनाला लावून घेऊ नका. गेलात तर सोबत वही आणि पेन्सिल न्या, तिथे पेन्सिलने चित्र काढू देतात. रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’समोर भिंतीएवढ्या चित्रापुढची भिंतीएवढी गर्दी असते. व्हर्मेरची दूध ओतणारी बाई मात्र जेमतेम दीड फुटांची आहे. भांड्यातून पडणारी दुधाची ती बारीक धार बघा आणि जमलं तर काढा.

आता पॅरिस. एका दिवशी लूव्र आणि ओर्से, हे खोडा. लूव्र मंगळवारी बंद असतं आणि ओर्से सोमवारी. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, ओर्से गुरुवारी पावणेदहापर्यंत. म्हणून बुधवारी दुपारी चारनंतर लूव्र आणि गुरुवारी दुपारी ओर्से असं बसवा. सकाळी आरामात उठा, जेवून निघा. संध्याकाळकडे सहलीच्या बसगाड्या निघून जातात, दालनं मोकळी व्हायला लागतात. आणि मेमध्ये रात्री नऊला बाहेर पडलात तरी आभाळात उजेड असतो, त्यामुळे घरी परतायची धास्ती नको.

‘मोना लिसा’बद्दल एक सांगून ठेवते, म्हणजे हिरमोड होणार नाही. चित्र 77 बाय 53 सेंटिमीटरचं, जाड काचेमागे, समोर कठडा आणि हात वर करून मोबाइल धरलेली माणसं. दोन मिनिटं मिळतात, तेवढ्यात तिला नमस्कार करा आणि मागे वळा. तिच्या समोरच्याच भिंतीवर वेरोनेसेचं ‘काना येथील लग्न’ आहे, जवळजवळ दहा मीटर लांब आणि पावणेसात मीटर उंच. लग्नाच्या पंगतीतली शंभरावर माणसं, वाढपी, वाजंत्री, कुत्री. लोक त्याच्याकडे पाठ करून उभे असतात. ही पंगत तुम्ही सावकाश बघा.

यजमानांचं सांगते. त्यांना चित्रांत रस नाही असं तुम्ही लिहिलंय, पण त्यांना कोणत्या चित्रांत रस नाही ते विचारलंय का? ओर्से हे मुळात रेल्वे स्टेशन आहे. 1900 सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं. पुढे विजेवरच्या गाड्या लांब होत गेल्या, फलाट तोकडे पडले आणि 1939 पासून लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे येईनाशा झाल्या. 1986 मध्ये त्याचं संग्रहालय झालं. वरची काचेची कमान तशीच आहे, मोठी घड्याळंही तशीच आहेत. ज्या माणसाने उभी हयात भुसावळ जंक्शनवर काढली, त्याला फलाट तोकडा पडणं म्हणजे काय हे कोणी सांगायला नको. आणि वर पाचव्या मजल्यावर मोनेचं 1877 सालचं ‘सेंट लाझार स्टेशन’ आहे. काचेच्या छताखाली शिरणारं इंजिन आणि निळसर वाफ. यजमानांनी नोकरीच्या सुरुवातीला कोळशाची इंजिनं पाहिली असतीलच. त्यांना त्या चित्रासमोर उभं करा आणि तुम्ही गप्प राहा. त्या दिवशी ते तुम्हाला शिकवतील.

वेळेचं कामही त्यांच्याकडेच द्या. गार्डाने आयुष्यभर चोवीस तासांच्या घड्याळावर गाड्या सोडल्यात, तिकिटावरचं 14:30 त्यांना गोंधळात टाकणार नाही. सगळी तिकिटं छापून एका प्लास्टिकच्या पाकिटात, तारखेच्या क्रमाने त्यांच्या खिशात असू द्या. मुलाच्या मोबाइलवर असली तरीही, कारण मोबाइलची बॅटरी नको तेव्हाच संपते. दारावर वीस मिनिटं आधी पोचा. तिकिटाची वेळ झाली तरी बॅगा तपासायची रांग वेगळी असते. उशीर झाला तर किती मुभा आहे ते मुलाकडून आधी वाचून घ्या.

गुडघ्यांसाठी: या चारही ठिकाणी लिफ्ट आहे आणि व्हीलचेअर मिळते. मुलाला आधी कळवून ठेवायला सांगा. यजमान बसायला नको म्हणाले तरी घ्या, रिकामी ढकलत नेली तर दोन तासांनी तेच बसतील. मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, खांद्याला अडकवायची लहान पिशवी बरी. चित्रांच्या दालनात खाणं चालत नाही, म्हणून दशम्या लूव्रशेजारच्या त्विलेरी बागेत बसून खा. तिथल्या हिरव्या खुर्च्यांवर कोणीही बसावं.

पैसे बुडायच्या भीतीवर एकच उपाय, तिकिटं क्रमाने काढणं. आधी व्हिसा हातात येऊ द्या, मग व्हॅन गॉग, मग लूव्र, ओर्से, शेवटी राइक्सम्युझियम. 2026च्या जानेवारीपासून लूव्रने युरोपच्या आर्थिक क्षेत्राबाहेरच्या, म्हणजे आपल्यासारख्या, पाहुण्यांसाठी तिकीट 32 युरो केलंय. मुलगा तिथे राहतो म्हणून त्याचं तिकीट कदाचित वेगळ्या दराचं असेल, पण तुमचं त्याच दराने काढू नका, दारात पासपोर्ट बघू शकतात. त्याच्याकडे डच म्युझियम कार्ड, म्हणजे तिथल्या संग्रहालयांचा वर्षाचा पास, असेल तर ते त्याच्या एकट्यापुरतं, आणि कार्ड असूनही व्हॅन गॉगला त्याला वेळ नोंदवावीच लागेल. तिकीट संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. माझ्या जावेने शोधल्यावर सगळ्यात वर आलेल्या कुठल्याशा भलत्याच साइटवर दुप्पट पैसे भरले आणि हातात आली ती गाइडबरोबरची दीड तासाची फेरी.

ग्रुप टूरने जाणाऱ्या वाचकांनी पैसे भरण्याआधी टूरवाल्यांना दोनच प्रश्न विचारावेत. तक्त्यात लूव्र लिहिलंय ते आतून की बाहेरून? आणि आतून असेल तर दारात शिरल्यापासून किती तास? अठरा वर्षांखालच्या मुलांना लूव्र, ओर्से आणि व्हॅन गॉगला तिकिटाचे पैसे पडत नाहीत, तरी त्यांचीही वेळ नोंदवून ठेवा. हे न केल्यामुळे दारात आई-बाप आत आणि पोरं बाहेर अशी वेळ येते.

जायच्या आधी एक काम इथेच करा. ऊन चढायच्या आत एखाद्या सकाळी जुन्या सहकारी बाईंना घेऊन अजिंठ्याला जाऊन या. सोमवार सोडून, कारण सोमवारी लेणी बंद. फर्दापूरच्या फाट्यावरून पहिली बस पकडा. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर जा आणि वीस मिनिटं हलू नका. पहिली पाच मिनिटं अंधारच दिसेल. मग डोळे सरावतात, मुकुट दिसायला लागतो, मग हातातलं निळं कमळ, मग भुवईची ती एकटाकी रेघ. वीस मिनिटं झाली की बाहेर येऊन पायरीवर बसा आणि आठवून वहीत काढा. एका चित्राला आपल्याला किती वेळ लागतो हे तुम्हाला तिथे कळेल. तोच हिशोब घेऊन मुलाशी बोला.

मुलाला तुम्ही अजून काहीच सांगितलेलं नाही, हे मला पत्रात सगळ्यात खुपलं. रद्द कर किंवा तू म्हणशील तसं, असे दोनच रस्ते तुम्ही समोर ठेवलेत. त्याने आठ संग्रहालयं घातली कारण घरातल्या भिंतीवर तुम्ही चिकटवलेली ती सूर्यफुलं बघतच तो वाढला, हे तुम्हीच लिहिलंय. त्याला वाटतंय आईला सगळं हवंय. त्याला आज एवढंच लिहा: ‘तक्ता बघितला, फार आनंद झाला. आठ नको, चार कर. एका दिवशी एकच ठेव, वेळ सकाळी लवकरची नको. न्यूनेनला मला तू स्वतः घेऊन चल. ओर्सेला बाबांना पुढे कर. तिकिटं बाबा सांभाळतील.’

तो उलट फोन करून विचारेल, आई, नक्की ना? तेव्हा त्याला चित्रांची नावं सांगा. बटाटे खाणारे, सूर्यफुलं, बदामाचा फुलोरा, ती लग्नाची पंगत, सेंट लाझार. आणि विमान उतरलं की सगळ्यात आधी यजमानांचं घड्याळ साडेतीन तास मागे करून घ्या.